भोवतालच्या जमिनीवरून ओढ्याचे आरोग्य कसे ओळखावे

ओढ्यातील मासे कमी झाले, दगडांवर शेवाळ दाटले किंवा पाऊस थांबून कित्येक दिवस झाले तरी पाणी निवळेनासे झाले, की पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवला जातो. तो अहवाल उपयोगी असतो, परंतु तो त्या एका क्षणापुरता असतो आणि बिघाड कोठून आला हे त्यातून कळत नाही. ओढ्यातील जवळजवळ सगळे पाणी आधी जमिनीवर पडून वाहिलेले किंवा जमिनीत मुरून पाझरलेले असते. म्हणून तपासणीला जमिनीपासून सुरुवात करावी आणि ओढ्यात दिसणारे प्रत्येक लक्षण वरच्या अंगाच्या एखाद्या नेमक्या ठिकाणाशी जोडता येते का, हे पाहत जावे. पुढे दिलेल्या पद्धतीला नकाशा, मोजपट्टी, तापमापक, बारीक जाळी आणि पांढरे ताट एवढे साहित्य पुरते. विरघळलेला ऑक्सिजन आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढणारी पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) मोजणारी साधी यंत्रे मिळाली तर काम अधिक नेमके होते.

पाणलोटाची सीमा आणि जमिनीचा नकाशा

ओढ्यावरील ज्या ठिकाणाची तपासणी करायची आहे, ते नकाशावर खुणेने निश्चित करावे आणि त्या ठिकाणी पाणी आणून सोडणारे संपूर्ण क्षेत्र आखावे. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, ओढ्याच्या जागी निमुळत्या कोनासारख्या वळतात आणि त्या कोनाचे टोक उगमाकडे असते. डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उताराकडे असते. सोंडांचे माथे जोडत गेले की पाणलोटाची सीमा मिळते. ही सीमा प्रत्यक्ष फिरून पडताळणे मात्र आवश्यक आहे, कारण रस्त्याकडेचे गटार, कालवा किंवा पावसाच्या पाण्याची भूमिगत वाहिनी शेजारच्या पाणलोटातील पाणी येथे आणून सोडू शकते, आणि नकाशावरील उतार पाहून ते कधीच लक्षात येत नाही.

यानंतर उपग्रह छायाचित्राच्या आधारे वन, कुरण, नांगरलेली शेती, फळबागा, वस्ती, रस्ते, खाणी आणि पडीक जमीन असे भाग रंगवावेत. बहुतेक जण येथे प्रत्येक वापराची टक्केवारी काढून थांबतात, आणि पुढच्या चुकीच्या निष्कर्षांचे मूळ तेथेच असते. दहा हेक्टर नांगरलेली जमीन माथ्यावर असून तिच्या खाली दाट झाडीचा पट्टा असेल, तर तिचा ओढ्यावरील परिणाम मर्यादित राहतो. तेवढीच जमीन काठाला भिडलेली असेल किंवा एखाद्या चरातून थेट ओढ्यात उतरत असेल, तर तिच्यावरील माती पहिल्या जोरदार सरीतच प्रवाहात येते. त्यामुळे हिशेब तीन पातळ्यांवर वेगळा मांडावा: संपूर्ण पाणलोट, उगमापर्यंत दोन्ही काठांवरचा सुमारे ३० मीटरचा पट्टा, आणि तपासणीच्या ठिकाणाच्या वरचा काही शे मीटरचा भाग. प्रवाहाचे प्रमाण आणि विरघळलेले क्षार बहुधा संपूर्ण पाणलोटावरून ठरतात, तर सावली, पालापाचोळा आणि काठाची स्थिरता जवळच्या झाडीवरून ठरते.

जुने नकाशे आणि जुनी हवाई छायाचित्रे मिळत असतील तर ती अवश्य पाहावीत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागातील ओढ्यांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ओढ्यांतील कीटक आणि मासे यांच्या तेव्हाच्या विविधतेचा उलगडा १९९० च्या दशकातील जमीनवापरापेक्षा १९५० च्या दशकातील जमीनवापरावरून अधिक चांगला होत होता. शेती थांबून तेथे पुन्हा वन उभे राहिले होते, तरी पूर्वी वाहून आलेला गाळ आणि नाहीशा झालेल्या प्रजाती यांची छाप ओढ्यावर टिकून होती. भोवताली आज हिरवळ दिसते म्हणून ओढा निरोगी असलाच पाहिजे, असे गृहीत धरू नये.

कोणत्या जमिनीकडून काय येते

वनाने वेढलेल्या लहान ओढ्यावर दाट सावली असते. त्यामुळे पाण्यात शेवाळ फार वाढत नाही आणि तेथील जीवसाखळी मुख्यतः काठावरून पडणाऱ्या पानांवर चालते. पानांवर आधी बुरशी आणि जिवाणू वाढतात, मग पाने कुरतडणारे कीटक ती खातात, आणि त्यातून सुटलेले बारीक कण खालच्या अंगाला पाणी गाळून खाणाऱ्या कीटकांना मिळतात. ओढ्यांच्या जीवसृष्टीचे अभ्यासक रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उगमापासून मोठ्या नदीपर्यंत अन्नाचे स्रोत कसे बदलत जातात याची जी मांडणी केली, तिचा पाया हाच आहे. पडलेले ओंडकेही महत्त्वाचे असतात. ते पाणी अडवून डोह तयार करतात, पाने धरून ठेवतात आणि पुराच्या वेळी माशांना आडोसा देतात. त्यामुळे ‘स्वच्छता’ म्हणून ओढ्यातील सगळे लाकूड काढून टाकणे हे बहुतेक ठिकाणी नुकसानाचे काम आहे.

वन गेल्यावर किती बदलते, याचा एक प्रयोग अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक येथे झाला. तेथे १९६५ च्या अखेरीस सुमारे १६ हेक्टरच्या एका पाणलोटातील सर्व झाडे तोडली गेली आणि पुढील काही वर्षे तणनाशक फवारून नवी वाढ रोखण्यात आली. झाडांच्या पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन थांबल्याने ओढ्यातील पाणी वाढले, आणि मुळांनी न उचललेला मातीतील नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात ओढ्यात उतरल्याने तेथील नायट्रेटचे प्रमाण मूळच्या चाळीस पटींहून अधिक झाले. हा आकडा वापरताना नवी वाढही रोखलेली होती हे विसरू नये. तोडीनंतर लगेच रोपे आणि झुडपे उगवू दिली, तर ती यातील बराच नायट्रोजन पुन्हा धरून ठेवतात.

शेतीचा विचार करताना नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या वाटा वेगळ्या धराव्यात. फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून तो मोठ्या पावसाच्या पहिल्या लोटात सापडतो. नायट्रेट पाण्यात विरघळते, मुरणाऱ्या पाण्याबरोबर खाली जाते आणि भूजलातून सावकाश ओढ्यात पाझरते. या प्रवासाला काही ठिकाणी अनेक वर्षे, तर काही ठिकाणी दशके लागतात. त्यामुळे फॉस्फरस आणि गाळ यांचा नमुना ओढ्याची पातळी चढत असताना घ्यावा, आणि नायट्रेटचा नमुना पाऊस नसताना, ओढा केवळ पाझरावर वाहत असताना घ्यावा. एकाच दिवशीच्या एका बाटलीवरून दोन्हींचा निवाडा करणे बरोबर नाही. कीटकनाशकेही बहुधा फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात येऊन काही तासांत निघून जातात. पाण्याच्या ठरावीक काळाने घेतलेल्या नमुन्यांत ती सापडत नाहीत, परंतु त्यांचा फटका बसलेले कीटक गायब झालेले दिसतात.

जनावरे काठ तुडवतात तेथे काठ ढासळतो, ओढा पसरट आणि उथळ होतो आणि शेणमूत्र थेट पाण्यात पडते. येथे नुकसान साऱ्या कुरणात सारखे नसते, पाणी पिण्याच्या मोजक्या उतारांवर एकवटलेले असते, आणि म्हणूनच ते दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते.

वस्तीचा परिणाम मात्र वेगळ्या जातीचा आणि फार लवकर जाणवणारा आहे. छपरे, डांबर आणि काँक्रीट यांतून पाणी मुरत नाही. एक हेक्टर फरसबंद जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ एक लाख लिटर पाणी तयार होते आणि गटारे जोडलेली असतील तर ते काही मिनिटांत ओढ्यात येऊन आदळते. पूर अधिक वेळा आणि अधिक उंच येतात, तळ खोल खणला जातो, आणि मुरणारे पाणी घटल्याने कोरड्या दिवसांत प्रवाह रोडावतो. पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग अशा अभेद्य आवरणाखाली गेला, की ओढ्याचा ऱ्हास स्पष्ट दिसू लागतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. संवेदनशील कीटक तर त्याहून कमी आवरणालाही नाहीसे होऊ लागतात. पाण्याबरोबर येणारी रसायने हा आणखी वेगळा भाग आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील शहरी ओढ्यांत अंडी घालण्यासाठी येणारे कोहो सामन मासे पावसानंतर का मरतात, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. टायर टिकावा म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी अभिक्रिया होऊन बनणारा पदार्थ त्याला कारणीभूत असल्याचे २०२० मध्ये दाखवले गेले. नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत हा पदार्थ नव्हता. ‘सर्व चाचण्या ठीक आहेत’ हे वाक्य वाचताना कोणत्या चाचण्या केल्या, हे विचारावे ते यासाठी.

खाणी आणि कच्चे रस्ते क्षेत्रफळाने लहान असले तरी नकाशावर ठळक दाखवावेत. ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येक कच्च्या रस्त्यावरून गाळ उतरण्याची वाट तयार असते.

काठाने चालताना

तपासणीच्या ठिकाणापासून उगमाच्या दिशेने चालावे आणि ओढ्याला मिळणारा प्रत्येक चर, पाइप, गटार व झिरप नकाशावर टिपावी. कित्येक दिवस पाऊस नसतानाही एखाद्या पावसाळी गटारातून पाणी येत असेल, तर ते सांडपाणी असण्याची शक्यता आधी तपासावी. शेताच्या बाजूने काठात उघडणारे निचऱ्याचे पाइप विशेष लक्ष देऊन शोधावेत, कारण ते काठावरच्या झाडीच्या खालून जातात आणि तिचा गाळणीसारखा उपयोग पूर्णपणे चुकवतात.

काठावर उघडी पडलेली मुळे, उभे कापलेले काठ आणि तळापासून वर अधांतरी राहिलेली पाइपांची तोंडे दिसली, तर तळ खचत चालला आहे असे समजावे. झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्याची उंची मोजल्यास अलीकडच्या पुराची पातळी मिळते. येथे एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते: झाडांच्या सावलीतला लहान ओढा बहुधा गवती काठाच्या ओढ्यापेक्षा रुंद असतो, कारण सावलीत गवताची दाट मुळे काठ आवळून धरत नाहीत. त्यामुळे वनातील रुंद, उथळ पात्राला केवळ आकारावरून बिघडलेले ठरवू नये.

तळ, तापमान आणि ऑक्सिजन

पाणी खळाळत वाहते त्या जागी तळाचे दगड पाहावेत. मुठीएवढा दगड हळूच उचलावा. त्याचा वरचा भाग शेवाळाने रंगलेला आणि खालचा भाग वेगळ्या रंगाचा असेल, तर दोहोंमधील रेषेवरून दगड किती खोल गाळात रुतला होता हे कळते. दगडांमधील पोकळ्या हे कीटकांचे घर आणि अनेक माशांच्या अंड्यांची जागा असते; त्या बारीक मातीने भरल्या की त्यांतून पाणी खेळत नाही आणि आतील ऑक्सिजन संपतो. आकड्यांत नोंद हवी असेल तर भूरूपांचे अभ्यासक गॉर्डन वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत आजही उत्तम आहे. काठापासून काठापर्यंत ये-जा करावी, प्रत्येक पावलाला न पाहता बुटाच्या टोकाशी बोटाला लागणारा पहिला दगड उचलावा आणि त्याची सर्वांत लांब व सर्वांत आखूड बाजू सोडून मधली बाजू मोजावी. असे किमान १०० दगड मोजावेत आणि २ मिलिमीटरहून बारीक कणांचा वाटा काढावा. दगड न पाहता उचलणे हा या पद्धतीचा गाभा आहे, कारण पाहून उचलताना हात नकळत मोठ्या दगडांकडे जातो.

पाण्यात मावणारा ऑक्सिजन तापमानावर अवलंबून असतो: समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअसला तो लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६ इतका असतो. म्हणजे काठावरची झाडे तोडली गेली, की उष्णता वाढते, ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी जलचरांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. मोजणी दुपारी एकदा आणि सूर्योदयाच्या थोडे आधी एकदा करावी. खतांमुळे शेवाळ माजलेल्या ओढ्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो, परंतु रात्रभर चाललेल्या श्वसनाने तो पहाटेपर्यंत धोक्याच्या पातळीला उतरलेला असतो. केवळ दिवसा मोजल्यास हाच आजारी ओढा अतिशय निरोगी वाटतो.

विद्युतवाहकतेचे यंत्र घेऊन उगमाच्या दिशेने चालत गेल्यास आकडा ज्या ठिकाणी अचानक बदलतो, तेथे कोणते तरी वेगळे पाणी येऊन मिळत आहे हे लगेच समजते. चुनखडीच्या प्रदेशात विद्युतवाहकता मुळातच जास्त असते, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ देऊ नये. दोन जागांमधील फरक पाहावा.

कीटकांची साक्ष

तळाशी राहणारे कीटक महिनोन्‌महिने एकाच जागी पाणी सोसत असतात, त्यामुळे रात्री सोडलेले सांडपाणी किंवा काही तासांत निघून गेलेले विषही त्यांच्या नोंदीतून सुटत नाही. खळाळाच्या जागी प्रवाहाकडे तोंड करून अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी धरावी, तिच्या वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळावा आणि ठरावीक वेळ, साधारण तीन मिनिटे, जागा बदलत हे करावे. पुराच्या पाण्यात कधीही उतरू नये आणि सांडपाण्याची शंका असल्यास हातमोजे घालावेत. जमलेले जीव पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात सोडून पाहावेत.

स्टोनफ्लाय या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या पिलाला शेपटीसारखे दोन तंतू असतात. मेफ्लायच्या पिलाला बहुधा तीन असतात आणि पोटाच्या कडांवर पानांसारखे कल्ले हलताना दिसतात. कॅडिसफ्लायच्या अनेक अळ्या वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात. हे तीन गट विविधतेने सापडणे हे थंड, ऑक्सिजनयुक्त आणि गाळमुक्त पाण्याचे चांगले लक्षण आहे. याउलट लाल रंगाच्या चिलटांच्या अळ्या आणि बारीक लाल किडे यांचीच गर्दी असेल, तर ऑक्सिजन कमी पडतो आहे असे समजावे; हिमोग्लोबिनमुळे हे जीव अशा पाण्यात तग धरतात. ब्रिटनमध्ये प्रत्येक कीटककुळाला १ ते १० गुण देऊन त्यांची सरासरी काढण्याची पद्धत विकसित झाली आणि अनेक देशांनी ती आपल्या प्रजातींनुसार बदलून घेतली. आपल्या प्रदेशासाठी तयार झालेली गुणसारणी उपलब्ध असेल तर तीच वापरावी.

गुणांची बेरीज ओढा बिघडला आहे एवढेच सांगते. कारण शोधण्यासाठी कोणते कीटक गेले हे पाहावे लागते. पाने कुरतडणारे गेले आणि दगडांवरचे शेवाळ खरवडणारे वाढले, तर काठावरची झाडी गेल्याचा तो परिणाम असतो. दगडांना चिकटून राहणारे गेले आणि गाळात पुरून राहणारे वाढले, तर धूप शोधावी. प्रजातींची रचना चांगली असूनही सर्वांचीच संख्या अत्यल्प असेल, तर वारंवार येणाऱ्या पुरांनी तळ धुऊन निघतो आहे का, हे तपासावे. तिन्ही एकाच वेळी घडत असू शकते, आणि बहुतेक वस्तीलगतच्या ओढ्यांत तसेच असते.

तुलना कशाशी करावी

सपाट, सुपीक जमिनीवर शेती होते आणि खडकाळ उतारावर वन टिकते. म्हणून शेतातील ओढा आणि वनातील ओढा यांच्यातला फरक काही अंशी मूळच्या उताराचा आणि खडकाचाही असतो. हा गोंधळ टाळण्यासाठी खडक, उतार, उंची आणि पाणलोटाचा आकार शक्य तितके सारखे असलेले दुसरे ओढे तुलनेसाठी निवडावेत, किंवा एकाच ओढ्यावर बदलाच्या वर आणि खाली अशा दोन जागा घ्याव्यात. दोन्हींचे नमुने एकाच ऋतूत घ्यावेत, कारण पंख फुटून उडून गेलेले कीटक ताटात सापडत नाहीत आणि ती अनुपस्थिती प्रदूषणाच्या नावावर टाकली जाते.

दुरुस्तीचा क्रम

नकाशावर टिपलेले चर, पाइप व गटारे यांसारख्या जोडांपैकी जे थेट पाणी आणि माती ओढ्यात आणतात, ते आधी तोडावेत: चराचे पाणी गवताच्या सपाट पट्ट्यावर पसरवणे, कच्च्या रस्त्याचा निचरा ओढ्याआधीच बाजूला वळवणे, छपरांचे पाणी मुरवणे, जनावरांना काठापासून दूर पाणी देणे. काठावरच्या झाडीबाबत उपलब्ध अभ्यासांचा कल असा आहे, की सुमारे ३० मीटर रुंदीचा पट्टा तापमान, गाळ आणि जीवविविधता यांना बऱ्याच अंशी सांभाळतो. अरुंद पट्टा सावली देतो, पण गाळ व नायट्रेट अडवण्यात कमी पडतो. मोठ्या प्रवाहाच्या काठी शोभिवंत लागवड करण्याआधी उगमाकडील बारीक ओढ्यांचे काठ झाकावेत, कारण ओढ्या-नद्यांच्या जाळ्याची बहुतेक लांबी त्यांचीच असते.

पात्रात दगड मांडणे आणि ओंडके रोवणे ही कामे लोकप्रिय आहेत, परंतु वरून येणारे पूर आणि गाळ तसेच राहिले तर ती टिकत नाहीत. जमिनीचे काम झाल्याशिवाय त्यांवर श्रम खर्च करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. तसेच परत येणाऱ्या कीटकांसाठी जवळपास एखादा निरोगी ओढा शिल्लक असावा लागतो, म्हणून चांगल्या स्थितीतील ओढ्याचे रक्षण ही बिघडलेल्याच्या दुरुस्तीचीच पूर्वअट असते.

पुन्हा मोजणी करताना तीच ठिकाणे, तोच ऋतू आणि तीच पद्धत ठेवावी, आणि कोणता बदल केव्हा अपेक्षित आहे हे आधीच लिहून ठेवावे. जनावरे थांबवल्यावर काठावरचे गवत एक-दोन हंगामांत सावरते. झाडांची सावली पडून तापमान उतरायला काही वर्षे जातात. तळातील जुना गाळ निघून जायला त्याहून अधिक काळ लागतो. आणि भूजलात आधीच उतरलेले नायट्रेट सर्वांत शेवटी घटते. पाचव्या वर्षी नायट्रेट तसेच दिसले, तर काठावरची झाडे उपटण्याऐवजी त्याच वर्षीचे तापमानाचे आणि दगडांच्या मोजणीचे आकडे आधी पाहावेत.